नात्याचा कागद

कुलूपबाईंना खरं नाव होतं, पण ते ऑफिसच्या हजेरीपटाबाहेर कुणी वापरत नसे. वकिलांच्या त्या ऑफिसात फाईलींची खोली त्यांच्या ताब्यात, खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला, आणि तोंड खोलीपेक्षाही पक्कं बंद. असं नाव पडायचंच होतं. आधी ते पाठीमागे घेतलं गेलं, मग तोंडावर, आणि एक दिवस खुद्द ऑफिसच्या प्रमुख वकीलबाईंनी भर मीटिंगमध्ये घेतलं. कुलूपबाई लाजून हसल्या. घरी जाईपर्यंत त्यांचं हसू काही आवरत नव्हतं.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, खाली चष्म्याचं दुकान. जिना चढून आलं की लाकडी बाक, बाकासमोर फोनवाली, पुढे टायपिस्टचं टेबल, वकिलांच्या चार काचेच्या खोल्या, आणि सगळ्यात मागे, जिथे इतर ऑफिसांत मोडक्या खुर्च्या कोंबतात तिथे, फाईलींची खोली. खिडकी नाही. अकरा लोखंडी कपाटं, एक टेबल, एक स्टूल आणि एक पंखा. पंखा दोनवर ठेवला तर कागद उडत आणि एकवर ठेवला तर फिरतच नसे. कुलूपबाई उन्हाळाभर घाम पुसत एकवर ठेवत.

त्या ऑफिसच्या काही रीती होत्या. अशिलाला कधी नावाने हाक मारायची नाही. साडेअकराची वेळ दिलेला माणूस म्हणजे ‘साडेअकरा’, मग तो कारखानदार असो की कुणाची सून. बाकावर शेजारी बसलेल्याला आपलं नाव कळू नये म्हणून ही सोय. एकदा फोनवालीने ‘साडेबारा, आत या’ म्हटल्यावर एक आजोबा मनगटावरचं घड्याळ बघून म्हणाले होते, ‘अजून पाच मिनिटं आहेत की!’ दुसरी रीत, जिन्यात कामाचं बोलायचं नाही. चष्मेवाल्याची नजर अधू झाली होती, पण कान शाबूत होते. तिसरी, जागेवरून उठताना टेबलावरचा कागद पालथा घालून उठायचं, अगदी पाणी प्यायला गेलं तरी. आणि खराब झालेला कागद टोपलीत जायचा नाही, त्याच्या बारीक शेवया करणाऱ्या यंत्रात जायचा.

या सगळ्याच्या वर कुलूपबाईंनी स्वतःची एक रीत घातली होती. फाईलीच्या पुठ्ठ्यावर वर नंबर असे आणि खाली नाव. फाईल हातात घेताना त्यांचा अंगठा बरोबर नावावर पडे. नंबर वाचायचा, नाव वाचायचं नाही. वाचलंच नाही तर सांगणार काय, असा सरळ हिशोब. सव्वीस वर्षं तो अंगठा हलला नव्हता. हजारो माणसांची भांडणं, मृत्युपत्रं आणि घटस्फोट त्यांच्या हाताखालून गेले, आणि बाईंना त्यातलं एकही माणूस रस्त्यात ओळखता आलं नसतं.

घरी याच्या अगदी उलट कारभार. नवरा टॅक्सी चालवायचा, आणि दिवसभर मागच्या सीटवर जे बोललं जाई ते सगळं रात्रीच्या जेवणाला वाढलं जाई. कोण कुणाशी फोनवर भांडलं, कोण रडलं, कोण कुठे उतरणार होतं आणि कुठे उतरलं.

‘आणि तुमच्याकडे काय आज?’ शेवटी तो विचारायचा.

‘पंखा दुरुस्त करायला माणूस आला होता.’

‘मग?’

‘झाला नाही. तुम्ही जेवा बघू.’

नवऱ्याला याचा खरं तर अभिमान होता. तो टॅक्सीत लोकांना सांगायचा की, माझ्या बायकोच्या पोटात अर्धं शहर आहे आणि ढेकरसुद्धा येत नाही.

आता माणूस म्हटला की एखादी खोड असतेच. कुलूपबाई गप्प असत, पण आपण किती गप्प असतो हे सांगताना मात्र त्यांना थांबवावं लागे. घरात चार माणसं जमली की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: ‘उद्या तुमच्यापैकी कुणाची फाईल माझ्या हातात आली ना, तरी मला पत्ता लागायचा नाही!’ आई म्हणायची, ‘पुरे गं, दर वेळी तेच.’ सगळे हसायचे. धाकटी बहीणही हसायची.

धाकटी त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान. तिला त्यांनी जवळजवळ पोटच्या पोरीसारखं वाढवलं होतं. वेणी यांनी घातली, अक्षरं यांनी गिरवून घेतली, शाळेच्या दारात सोडताना रडल्याही याच. कुलूपबाईंना मूलबाळ नव्हतं. त्याचं दुःख करायचं ते त्यांनी पूर्वीच करून घेतलं होतं आणि आता त्या सुखात होत्या. पण धाकटीचं दुःख त्यांना सोसत नसे. सात वर्षांपूर्वी तिला दिवस गेले होते. नवराबायकोंनी हौसेने बाळाची खोली रंगवली, आणि सहाव्या महिन्यात सगळं संपलं. मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येक जण हात हातात घेऊन, मान तिरकी करून, हळू आवाजात ‘कशी आहेस?’ विचारी. धाकटी एकदा ताईला म्हणाली होती, ‘बाळ गेलं ते मी सोसेन गं. या तिरक्या माना नाही सोसत.’ त्यानंतर तिने घरात तो विषयच बंद केला.

आता ऑफिसातला एक कागद समजून घेतला पाहिजे, कारण घोटाळा तिथेच झाला.

नवं अशील आलं की वकीलबाई काम घेण्याआधी एक कागद सगळ्या टेबलांवरून फिरवत. त्यावर अशिलाचं नाव आणि समोर कुणी असेल तर त्याचं नाव. काम काय आहे ते नाही, फक्त नावं. खाली प्रत्येकासाठी दोन रकाने: ‘नातं अगर ओळख आहे / नाही’ आणि ‘असल्यास काय’. मग सही. ज्याचं नातं निघेल त्याला त्या फाईलीपासून दूर ठेवायचं, म्हणजे त्यालाही मोह नको आणि अशिलालाही घोर नको. सगळे याला नात्याचा कागद म्हणत.

कुलूपबाईंच्या टेबलावर तो कागद आला की त्यांचा अंगठा आपोआप नावावर जाई, आणि त्या ‘नाही’ लिहून सही करून पुढे देत. वीस-पंचवीस वर्षं हेच चाललं होतं. जो एकच कागद वाचण्यासाठी होता, तो त्यांनी इमानदारीपायी कधी वाचला नव्हता! हे त्यांच्याही लक्षात आलं नाही आणि दुसऱ्या कुणाच्याही नाही.

त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला एका फाईलीची नाडी तुटली. चारशे बारा नंबरची फाईल, अकरा महिन्यांची, चांगली जाड झालेली. कपाटातून काढताना दहा-बारा कागद जमिनीवर पसरले. कुलूपबाईंनी रीतीप्रमाणे डोळे वर छताकडे ठेवून ते चाचपत गोळा केले, पालथे घातले आणि टेबलावर आणून कडा जुळवू लागल्या. एका कागदावरून हात फिरला आणि तिथेच थांबला.

कागद पालथाच होता. पण त्याच्या पाठीवर अक्षरं उठली होती. लिहिणाऱ्याने पेन इतकं दाबलं होतं की, ओळी बोटांना लागत होत्या. असं दाबून लिहिणारं माणूस बाईंनी आयुष्यात एकच पाहिलं होतं. त्या माणसाच्या शाळेच्या वहीत सोमवारचा धडा गुरुवारच्या पानापर्यंत उठलेला असे, आणि त्यावरून बाईंनीच तिला रोज टोकलं होतं, ‘पेन धर, नांगर नको धरूस!’

बाईंनी दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पालथा कागद सुलटा केला.

‘मुलीच्या खोलीला रंग द्यायचा की कोर्टाचा निकाल लागेपर्यंत थांबायचं, एवढंच कळवा. मागच्या वेळी आधी दिला होता आणि मग ती भिंत बघवेना.’

एवढंच वाचलं, आणि चटका बसल्यासारखा कागद पालथा घातला. मग अंगठा बाजूला करून पुठ्ठ्यावरचं नाव वाचलं. धाकटीचं नाव, धाकटीच्या नवऱ्याचं नाव. त्या स्टुलावर बसल्या. आधी इतका आनंद झाला की पदर तोंडात धरावा लागला. धाकटी मूल दत्तक घेत होती! मुलगी! आणि मग सावकाश दुसरी गोष्ट ध्यानात आली. हे आपल्याला कळायचं नव्हतं.

दुसऱ्या एखादीने नाडी बांधली असती, फाईल कपाटात ठेवली असती आणि जन्मभर मूग गिळून बसली असती. कुणाला पत्ताही लागला नसता. हा विचार कुलूपबाईंच्याही मनात आला, नाही असं नाही. अर्धा मिनिट राहिलासुद्धा. मग त्या उठल्या, खोलीला कुलूप लावलं आणि फाईल छातीशी धरून वकीलबाईंच्या दारावर टकटक केली.

वकीलबाई साठीच्या, पेनाचं टोपण चावत ऐकणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘कागद तुम्ही उलटलात?’

‘हो.’

‘का?’

‘हात ऐकेना, बाई.’

‘किती वाचलंत?’

‘एक ओळ.’ मग खोटं नको म्हणून, ‘म्हणजे दोन वाक्यं.’

वकीलबाईंनी खणातून अकरा महिन्यांपूर्वीचा नात्याचा कागद काढून समोर ठेवला. सातव्या ओळीत कुलूपबाईंचं टपोरं ‘नाही’ आणि खाली सही.

‘हे काय आहे?’

कुलूपबाईंनी खालच्या मानेने सांगितलं की, नाव वाचायचं नाही ही सवय, म्हणून हाही कागद कधी वाचला नाही. वकीलबाईंनी त्या कागदावर बोट ठेवलं.

‘अहो, आपल्या ऑफिसात सगळ्यांनी वाचायलाच हवा असा एवढा एकच कागद आहे!’

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं.

‘हे मला अशिलाला सांगावं लागेल,’ वकीलबाई म्हणाल्या. ‘आजच. लपवून चालणार नाही. तिचा विश्वास उडाला तर ती कागद काढून दुसरीकडे जाईल, आणि तो तिचा हक्क आहे. तारीख तीन आठवड्यांवर आहे. नवा वकील मुदत मागेल. मग आणखी किती महिने जातील, मी सांगू शकत नाही. ही फाईल आता माझ्या कपाटात राहील.’

‘आणि किल्ली?’

‘ठेवा इथे. बघू नंतर.’

कुलूपबाईंनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. दोन दिवस फाईलींची खोली टायपिस्टने उघडली आणि बंद केली, आणि बाई स्टुलावर बसून नुसत्या नाड्या बदलत राहिल्या. किल्लीचं त्यांना वाईट वाटत होतंच. पण खरा घोर निराळाच होता. कुठेतरी एक पोर वाट बघत होती, इकडे एक न रंगवलेली भिंत वाट बघत होती, आणि आपल्या मोठेपणाच्या सवयीमुळे त्या दोघी आणखी कित्येक महिने ताटकळणार. धाकटीने रागावून बोलणं टाकलं तरी चालेल, पण कागद काढू नयेत, एवढंच त्या मनात घोकत होत्या. आणि हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

‘पंख्याचं काय झालं?’ नवऱ्याने जेवताना विचारलं.

‘कुठला पंखा?’ बाई म्हणाल्या, आणि नवरा चमच्यासकट थांबला. काहीतरी बिनसलंय हे त्याला कळलं. त्याने त्या रात्री टॅक्सीतली एकही गोष्ट सांगितली नाही, आणि त्याच्यासारख्या बोलघेवड्याने एवढं करणं म्हणजे पुष्कळच झालं.

तिसऱ्या दिवशी वकीलबाईंनी बोलावलं. टेबलावर किल्ली तशीच होती.

‘तुमच्या बहिणीशी बोलणं झालं. आज ती येऊन लिहूनही देऊन गेली. मी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. कागद उलटलात तेही.’

‘मग?’

‘मी विचारलं की, तुमची बहीण इथे आहे हे आम्हाला आधी का नाही सांगितलं? तर म्हणाली, “मी तिच्यामुळेच तर तुमच्याकडे आले. ती दर वेळी घरात सांगते की माझी फाईल आली तरी तिला पत्ता लागायचा नाही. मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. दोनदा आले तेही तिच्या सुट्टीच्या दिवशी.” आणि म्हणाली, “अकरा महिने तिला खरंच पत्ता लागला नाही ना? मग मला आणखी काय पाहिजे? कागद इथेच राहू देत.”’

कुलूपबाईंचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

‘पण एक अट आहे,’ वकीलबाईंनी टोपण तोंडातून काढलं. ‘ती आपणहून सांगेपर्यंत तुम्ही तिला काही विचारायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, तिचेच शब्द सांगते, “तिला म्हणावं, तो तिरक्या मानेचा चेहरा करू नकोस.”’

मग वकीलबाईंनी जुना नात्याचा कागद पुढे सरकवला. कुलूपबाईंनी ‘नाही’ वर रेघ मारून ‘आहे’ लिहिलं, पुढच्या रकान्यात ‘सख्खी बहीण’ लिहिलं, तारीख घातली. वकीलबाईंनी किल्ली त्यांच्याकडे ढकलली. ‘आणि यापुढे हा कागद वाचायचा. अगदी डोळ्यांत तेल घालून!’

रविवारी आईकडे जेवण होतं. निघण्यापूर्वी कुलूपबाई आरशासमोर उभ्या राहून चेहरा न करण्याचा सराव करत होत्या.

‘दात दुखतोय का?’ नवऱ्याने विचारलं.

जेवणं झाली, पुरुषमंडळी बाहेर गप्पा मारत बसली आणि दोघी बहिणी भांड्यांशी उभ्या राहिल्या. ताई घासत होती, धाकटी विसळत होती. ताईला सगळं माहीत आहे हे धाकटीला माहीत होतं, आणि धाकटीला ते माहीत आहे हे ताईला. दोघी साबणाबद्दल बोलल्या. मग पाणी किती दाबाने येतं याबद्दल बोलल्या. तेवढ्यात आई आत आली.

‘हे काय गं नखाला लागलंय तुझ्या? पिवळं?’

धाकटीने हात पाण्यात घातला. ‘रंग आहे आई. कपाट रंगवतोय घरी.’

‘कपाट कुणी पिवळं रंगवतं का?’ आई बडबडत बाहेर गेली.

कुलूपबाईंनी मान तिरकी केली नाही. आवाज हळू केला नाही. त्यांनी फळीवरची तेलाची बाटली काढली, धाकटीच्या हातावर दोन थेंब सोडले आणि नखाच्या कडेने चोळून तो रंग काढला, शाळेच्या दिवसांत शाई काढत असत तसा. थोडा राहिलाच. धाकटीने हात लगेच मागे घेतला नाही. कोर्टाच्या तारखेला अजून बारा दिवस होते आणि ती भिंत रंगवत होती. बाईंना एवढं पुरेसं होतं.

‘तुम्ही दोघी आज इतक्या गप्प का?’ बाहेरून आईने विचारलं.

‘भांडी घासतोय!’ दोघी एकदम म्हणाल्या.

बारा दिवस गेले, तारीखही गेली. धाकटीचा फोन नाही आणि बाईंनी केला नाही. वकीलबाईंच्या तोंडाकडे बघून काही कळावं म्हटलं तर तिथे कायम टोपण. त्या काळात कुलूपबाईंनी नात्याचे चार कागद वाचले. चष्मा लावून, वरच्या तारखेपासून खालच्या छापखान्याच्या नावापर्यंत. टायपिस्ट कंटाळून जाई. ‘बाई, परीक्षा आहे का उद्या?’

पाचवा कागद एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता आला.

‘हा पहिला तुमच्याकडेच द्यायला सांगितलाय,’ टायपिस्ट म्हणाली. ‘अशिलाने तसं सांगितलंय म्हणे.’

काम नव्हतंच लिहिलेलं, फक्त नाव. एका मुलीचं नाव, बाईंनी कधी न ऐकलेलं, आणि त्याच्यापुढे आडनाव मात्र धाकटीच्या घरचं. कुलूपबाईंनी ते दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. पहिल्या रकान्यात ‘आहे’ लिहिलं. दुसऱ्या रकान्यात टपोऱ्या अक्षरात लिहिलं: ‘मावशी’. उगाच पेन दाबलं गेलं होतं. कागद उलटा केला असता तर तो शब्द पाठीवर बोटांना लागला असता.

त्या कागद घेऊन वकीलबाईंकडे गेल्या. वकीलबाईंनी तो वाचला आणि पहिल्यांदाच टोपण पेनाला लावलं.

‘म्हणजे ही फाईलही तुमच्याकडे नाही.’

‘नको मला,’ कुलूपबाई म्हणाल्या.

‘शाळेत नवं नाव लावायचंय, तेवढंच काम आहे. साडेअकराची वेळ दिलीये. ती तिघं बाहेर येऊन बसलीत.’ मग जरा थांबून, ‘अशिलांच्या बाकाकडे तुम्ही कधी जात नाही, मला माहितीये. पण आज तुम्ही ऑफिसच्या बाजूच्या नाही.’

कुलूपबाईंनी खोलीला कुलूप घातलं, ओढून पाहिलं आणि टायपिस्टच्या टेबलावरून, फोनवालीच्या समोरून त्या बाकापाशी आल्या. बाकावर धाकटी, तिचा नवरा आणि मधे चार-पाच वर्षांची एक मुलगी. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते आणि ती ते जोरजोरात हलवत होती. एका बुटाची नाडी सुटलेली होती. बाई खाली बसल्या आणि नाडी बांधू लागल्या. नाड्या बांधायला त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

मुलीने पाय थांबवले. ‘ही कोण?’ तिने धाकटीला विचारलं.

धाकटी ताईकडे बघत होती. डोळे भरलेले आणि ओठांवर हसू.

‘तिलाच विचार,’ ती म्हणाली. ‘ती कुणाचं काही कुणाला सांगत नाही. पण हे सांगेल.’

सव्वीस वर्षं त्या ऑफिसात कुलूपबाईंचा आवाज टेबलाच्या पलीकडे गेला नव्हता.

‘मावशी!’ त्या म्हणाल्या, आणि ते खाली चष्म्याच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं.